डाएटचा सल्ला पारखून कसा घ्यावा

गेल्या मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नात जेवायला बसलो, तेव्हा आमच्या टेबलावर आठ जण होते आणि वाढलेले सगळे पदार्थ त्यांपैकी जेमतेम चौघांनी घेतले. भाचा किटोवर, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळपास बंद करून स्निग्ध पदार्थ भरपूर खाण्याच्या आहारावर असल्यामुळे त्याने भात, पोळी, बटाटा आणि आंबासुद्धा बाजूला सारला. वहिनींचा दुपारी दोनपर्यंत काही न खाण्याचा नेम चालू होता आणि पंगत साडेबाराला बसली होती. काकांनी गहू पूर्ण बंद केला होता, जिलब्या मात्र दोनदा मागून घेतल्या. जिलबी मैद्याची आणि मैदा गव्हाचा, हे त्यांना भर पंगतीत सांगायला कोणी धजावले नाही. चौथ्या बाईंनी पर्समधून जवस आणि भोपळ्याच्या बियांची डबी काढली. पहिल्या महिन्यात वजन उतरल्याचे चौघांनीही सांगितले, प्रत्येकाला आपापला मार्ग शास्त्रीय वाटत होता, आणि चौघांचे नियम एकत्र केले असते तर टेबलावर काकडीच्या चकत्यांखेरीज खाण्याजोगे काही उरले नसते.

ही सगळी माणसे शिकलेली आणि व्यवहाराला पक्की आहेत. फ्लॅट घेताना ती वकिलाकडून कागदपत्रे तपासून घेतात आणि सोने घेताना हॉलमार्क पाहतात, मात्र रोज दोन वेळा पोटात जाणाऱ्या अन्नाबद्दलचा सल्ला मोबाइलवर आला तसा स्वीकारतात. तो सल्ला तपासण्याची एक पद्धत पुढे पायरीपायरीने दिली आहे. तिच्या मुळाशी एकच विचार आहे : पहिल्या महिन्यात वजनकाटा काय दाखवतो यावर सल्ल्याची किंमत करू नये, तो पाळत राहिल्यास वर्षभराने आपले ताट कसे दिसेल यावर करावी. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम ठरवला आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना खर्च नाही आणि वेळही फारसा लागत नाही, त्यामुळे पुष्कळसे सल्ले तिथेच गळून पडतात.

पहिली पायरी : सल्ला देणाऱ्याचा चरितार्थ पाहावा

व्हिडिओच्या शेवटी पावडर, चहा, थेंब किंवा महिन्याचे सशुल्क शिबिर विकायला असेल, तर त्याआधी सांगितलेले सगळे जाहिरात समजून ऐकावे. एखादी वस्तू विकायला असणे हा गुन्हा नाही. परंतु दुखणे आणि त्यावरचा उतारा एकाच दुकानात मिळू लागला की ग्राहकाने सावध व्हावे. कायदाही या बाबतीत आपल्या बाजूने आहे. औषधे आणि जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे आणि ज्या विकारांवर उपचाराची जाहिरात करण्यास तो मनाई करतो, त्यांच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा हे दोन्ही आहेत. ‘मधुमेह मुळापासून बरा करा’ अशी जाहिरात करणारा माणूस पहिल्याच वाक्यात आपली ओळख करून देत असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयानेही आरोग्याविषयी बोलणाऱ्या समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्तींसाठी सूचना काढल्या आणि स्वतःला तज्ज्ञ म्हणवणाऱ्याने आपली पात्रता उघड सांगावी, अशी अपेक्षा व्यक्त केली.

पात्रता पाहताना पाटीवरच्या शब्दांना फार महत्त्व देऊ नये. आठवड्याभराचा ऑनलाइन कोर्स करून ‘न्यूट्रिशनिस्ट’ किंवा ‘वेलनेस कोच’ अशी पाटी लावणारे पुष्कळ आहेत. आहारशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदविका, रुग्णालयातील उमेदवारी आणि इंडियन डाएटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही नोंदणी, या गोष्टी विचारून घेण्यासारख्या आहेत. त्या विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण ज्याने त्या मेहनतीने मिळवल्या आहेत तो आनंदाने दाखवतो.

काही विकायला नाही म्हणजे सल्ला बरोबर आहे, असेही मानू नये. महाराष्ट्रात घरोघर पोहोचलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत हे याचे चांगले उदाहरण आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून निघालेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी व्याख्याने देऊन पसरवलेली ही पद्धत दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगते, तिला रोजच्या चालण्याची जोड देते आणि तिच्यासोबत पावडरीचा डबा गळ्यात मारला जात नाही. या पहिल्या पायरीवर ती निर्विवाद उतरते. तिची खरी परीक्षा चौथ्या आणि पाचव्या पायरीवर आहे.

दुसरी पायरी : वजनाच्या दाव्याचा हिशेब मांडावा

‘सात दिवसांत पाच किलो’ हा दावा खोडून काढायला पाचवीचे गणित पुरते. शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. पाच किलो चरबी जाळायची तर ३८,५०० कॅलरींची तूट हवी, म्हणजे सात दिवसांसाठी रोजची ५,५०० कॅलरींची. बैठे काम करणारा माणूस दिवसाला २,००० च्या आसपास कॅलरी खर्च करतो. त्याने सात दिवस पाण्यावर काढले तरी १४,००० कॅलरींच्या पुढे तूट जाणार नाही आणि दोन किलोसुद्धा चरबी उतरणार नाही.

मग काट्यावर चार किलो कमी झालेले दिसतात, ते कशाचे असतात? पिष्टमय पदार्थांतून मिळणारी साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवते. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. भात-पोळी बंद केली की हा साठा काही दिवसांत वापरला जातो, त्यासोबतचे पाणी लघवीवाटे जाते आणि दीड-दोन किलो वजन चरबीला धक्का न लागता उतरते. खाणे कमी झाल्यामुळे आतड्यातला भार हलका होतो, मीठ कमी गेल्यामुळे आणखी थोडे पाणी निघते आणि काटा खूश होतो. माझा भाचा पहिल्या आठवड्यात साडेतीन किलोंनी उतरला होता. लग्नानंतर दोन दिवस त्याने मनसोक्त आमरस-पुरी खाल्ली आणि त्यातले दोन किलो परत आले, तेव्हा आपली चयापचय शक्तीच बिघडली, अशी त्याची समजूत झाली. खरे तर शरीराने आपली टाकी पुन्हा भरून घेतली होती. अशा वेळी निराश होऊन माणूस पुढचे, आणखी कडक डाएट शोधतो आणि विकणाऱ्यांचा धंदा याच निराशेवर चालतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलो हा वजन उतरण्याचा सुरक्षित वेग आहे आणि वजन कमी करण्याचा आहारही दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली जाऊ नये. महिन्याला दोन किलो हा आकडा जाहिरातीत शोभणारा नाही. परंतु ज्या सल्ल्यात असा कंटाळवाणा आकडा आढळेल, तो पुढे वाचावा.

तिसरी पायरी : काय हद्दपार केले आणि त्या जागी काय आणले

फॅड डाएटला एक खलनायक लागतो. कधी तो चरबी असतो, कधी साखर, कधी गहू, कधी दूध. खलनायक ठरला की नियम सोपे होतात आणि नियम सोपे असले की माणसे ते उत्साहाने पाळतात. या खेळाला बराच इतिहास आहे. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या एका अंत्यविधी व्यावसायिकाने १८६३ मध्ये पाव, साखर, बटाटा आणि बिअर सोडून आपण कसे बारीक झालो, याची पुस्तिका काढली आणि ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही ‘बान्ता’ म्हणतात. किटो आहाराचा जन्म तर वेगळ्याच कामासाठी झाला. १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या विकारासाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या अपस्मारात तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरला जातो आणि त्याचा उपयोगही होतो. उपचार म्हणून तोलूनमापून दिलेला हा आहार जिममधल्या ट्रेनरच्या तोंडी लागला की चीज, लोणी आणि पनीर टिक्का एवढाच उरतो.

गव्हाची गोष्टही अशीच आहे. सिलिअॅक विकार असलेल्याने ग्लूटेन, म्हणजे गव्हातले एक प्रथिन, आयुष्यभर टाळलेच पाहिजे, त्यात तडजोड नाही. आणि तशी शंका असल्यास गहू बंद करण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण गहू सोडल्यानंतर ती तपासणी फसवी येऊ शकते. हा विकार नसलेल्या माणसाला गहू सोडून बरे वाटते, तेव्हा गव्हासोबत बिस्किटे, खारी, पाव, समोसा आणि केकही सुटलेले असतात आणि श्रेय मात्र एकट्या गव्हाच्या अनुपस्थितीला जाते.

म्हणून दोन याद्या कराव्यात. या सल्ल्याने माझ्या ताटातून काय जाते आणि त्यातून मला आजवर काय मिळत होते, ही पहिली यादी; त्याच्या जागी काय येते आणि ते बाराही महिने आपल्या बाजारात, आपल्या पैशांत मिळते का, ही दुसरी. दूध-दही सोडायला सांगणाऱ्याने कॅल्शियमची सोय सांगायला हवी. ती होऊ शकते, कारण १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दूधही सोडलेल्या पूर्ण शाकाहारी माणसाला बी-१२ जीवनसत्त्वाची सोय गोळीनेच करावी लागते, हेही त्याने सांगायला हवे. ज्याच्याकडे फक्त ‘बंद करा’ची यादी आहे, त्याने काम अर्धेच केले आहे.

साखरेऐवजी गूळ किंवा मध, हा बदल या पायरीवर हमखास नापास होतो. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे. पण गूळही मुख्यतः साखरच, कॅलरी जवळपास तेवढ्याच आणि रक्तातली साखरही तशीच वाढते. ‘गुळाचा आहे, मधुमेहींनाही चालतो’ असे सांगत वाढलेला शिरा मधुमेही माणसाने नम्रपणे नाकारावा.

चौथी पायरी : पुरावा कोणत्या जातीचा आहे ते विचारावे

‘संशोधनात सिद्ध झाले आहे’ या वाक्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत : संशोधन उंदरांवर झाले की माणसांवर? किती माणसांवर आणि किती दिवस? आणि तुलना कशाशी केली? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वाट्टेल ते खाणाऱ्याची तुलना नियमाने खाणाऱ्याशी केली, तर कोणताही नियम जिंकतो, मग तो फक्त गुरुवारी पिवळे पदार्थ खाण्याचा का असेना.

दोन डाएटची एकमेकांशी प्रामाणिक तुलना केल्यावर काय होते, ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. ६०९ प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय. दोन्ही गटांना भाज्या भरपूर खाण्यास आणि साखर, मैदा व तयार पाकिटातले पदार्थ टाळण्यास सांगितले होते. वर्षभरानंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी कमी झाले, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने फरक नाही. मला यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते : प्रत्येक गटात कोणाचे वजन खूप उतरले, तर कोणाचे चक्क वाढले. शेजारच्या बाईंना फरक पडला, हा पुरावा त्यामुळेच फार तोकडा आहे. ज्यांना फरक पडला नाही त्या शेजारणी आपला अनुभव सांगत फिरत नाहीत.

जेवणाच्या वेळा आवळण्याबाबतही अशीच तुलना झाली आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या, त्यांपैकी एका गटाने आठ तासांतच जेवणे उरकायची होती. दोघांचेही वजन उतरले, मात्र वेळेच्या बंधनाने त्यात लक्षणीय भर घातली नाही. यावरून मी काढलेला अर्थ असा : दोनदा जेवल्याने ज्यांचा दिवसभराचा चहा-बिस्किटाचा, फरसाणाचा आणि रात्रीच्या दुसऱ्या जेवणाचा रतीब बंद होतो, त्यांना त्याचा खरोखर फायदा होतो, तो मुख्यतः कमी खाल्ल्याचा असतो, घड्याळाची जादू त्यात फारशी नसते. ज्याला ही पद्धत सोसते आणि जो त्या दोन जेवणांत पुरेशी डाळ-भाजी खातो, त्याने ती अवश्य चालू ठेवावी. ज्याला भुकेने डोके दुखते, त्याने तीन वेळा बेताने जेवावे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये.

आपल्याकडच्या ताटाचाही अभ्यास झाला आहे आणि त्याने माझी स्वतःची एक आवडती समजूत मोडली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणातून २०२५ मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार भारतीयांच्या आहारातील जवळपास ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. नुसता भात काढून त्या जागी गहू किंवा ज्वारी-बाजरी आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही, एकूण पिष्टमय भाग थोडा कमी करून त्या जागी डाळी-कडधान्ये किंवा दुधातली प्रथिने आणल्याने मात्र तो कमी दिसला. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून आमच्या घरी पोळीऐवजी भाकरी आली होती आणि मी त्यावर समाधानी होतो. भाकरीत चोथा अधिक असतो आणि ती चवीलाही चांगली लागते. परंतु तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या आणि सोबत तीच पातळ आमटी, हा बदल पुरेसा नाही.

पाचवी पायरी : आपल्या औषधांशी आणि वयाशी ताडून पाहावे

ही पायरी वगळू नये, कारण आधीच्या चुका पैशांवर निभावतात आणि इथली चूक जिवावर बेतू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण वगळले किंवा पिष्टमय पदार्थ अचानक तोडले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते, त्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना किटो आहार घेतल्यास रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर धोका असतो आणि अशा वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्यामुळे तो लवकर लक्षातही येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने प्रथिने परस्पर वाढवू नयेत. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले आणि सत्तरी ओलांडलेली माणसे यांच्यासाठी उपासमारीचे कोणतेही डाएट नाही. फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, हे तर धडधाकट तरुणांनीही ध्यानात ठेवावे.

कडक आहाराला वैद्यकात जागाच नाही, असे नाही. ब्रिटनमधील एका अभ्यासात मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा तयार आहार दिला आणि वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के जणांची साखर औषधांविना आटोक्यात होती. मात्र तिथे पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या आणि प्रत्येकावर वैद्यकीय पथकाची नजर होती. ती नजर वगळून फक्त ८५० हा आकडा उचलला, तर तो उपचार राहत नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ या वाक्याला दुधीच्या रसाचे उत्तर आहे. दुधी भोपळा ही अत्यंत निरुपद्रवी भाजी. पण काकडीवर्गीय भाज्यांत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये वाढतात. सकाळी रिकाम्या पोटी असा कडू रस पेलाभर प्यायल्याने उलट्या, रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकदम खाली जाणे, असे प्रकार आपल्या देशात घडले आहेत आणि त्यात मृत्यूही झाले आहेत. आयसीएमआरने यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि कडू लागणारा रस मुळीच पिऊ नये, असा तिचा स्पष्ट सल्ला होता. भाजीसाठी दुधी चिरतानाही देठाकडची एक पातळ चकती जिभेला लावून पाहावी आणि कडू लागल्यास अख्खा दुधी टाकून द्यावा. ‘औषध कडूच असते’ म्हणून डोळे मिटून घोट घेण्याची सवय इथे घातक ठरते. आणि ज्या ‘डिटॉक्स’साठी हा रस प्यायला जातो, ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस फुकट करत असतात.

सहावी पायरी : स्वतःच्या घराचे मोजमाप घ्यावे

इथपर्यंत दुसऱ्यांचे सल्ले तपासले; आता आपले ताट तपासायचे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २,००० कॅलरींच्या दिवसासाठी त्यांतले ताट असे आहे : धान्ये व भरडधान्ये सुमारे २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (मांसाहारींसाठी अंडी, मासे, मांस धरून) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. धान्ये व डाळी यांची वजने कच्च्या मालाची आहेत.

मी स्वयंपाकघरात वजनकाटा मांडला आणि आठवडाभर घरातले जिन्नस मोजले. चौघांच्या एका वेळच्या आमटीसाठी कुकरला तूरडाळ लावली जाते ती भरली ८० ग्रॅम, म्हणजे माणशी २०. तूरडाळीत साधारण २२ टक्के प्रथिने असतात, म्हणजे वाटीभर आमटीतून मिळालेली प्रथिने सुमारे साडेचार ग्रॅम. दोन वेळची आमटी धरूनही माणशी डाळ ४० ग्रॅमवर थांबली. ८५ च्या निम्मीसुद्धा नाही. ६० किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात, हे डोळ्यांपुढे ठेवले की घरात ‘आम्ही रोज वरण-आमटी खातो’ असे अभिमानाने का सांगू नये, ते कळते. उपाय पावडरीच्या डब्यात नाही. आमटी घट्ट केली, सकाळच्या भाजीच्या जागी आठवड्यातून चार दिवस मटकी, चवळी, हरभरा, वाल यांची उसळ आणली, रात्री पिठले किंवा मुगाचे धिरडे केले आणि माणशी एक पोळी कमी केली, एवढ्यात डाळी-कडधान्यांचा माणशी आकडा ७५ ग्रॅमच्या पुढे गेला. प्रथिनांसाठी पावडरीवर विसंबू नये, असे २०२४ च्या सूचनांतही म्हटले आहे.

भाजीचा हिशेब याहून लाजिरवाणा निघाला. पाव किलो भेंडी चौघांत वाटली की माणशी साठ-बासष्ट ग्रॅम पडते. चारशेपर्यंत पोहोचायचे, तर दोन्ही वेळा भाजीचे पातेले मोठे हवे, कोशिंबीर चमच्याने न वाढता वाटीने वाढायला हवी आणि आमटीत शेवग्याच्या शेंगा, दुधी, पालक असे काही पडायला हवे. बटाट्याची भाजी या हिशेबात धरू नये, असे माझे मत आहे. ती पोळीची बहीण आहे.

तेलासाठी काट्याची गरज नाही, वाण्याचे बिल पुरते. माणशी २७ ग्रॅमच्या हिशेबाने चौघांचे महिन्याचे तेल, तूप, लोणी मिळून सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर होते. पाच लिटरचा डबा महिनाअखेर रिकामा होत असेल, तर उत्तर मिळाले. अलीकडे ‘तूप कितीही खा, ते औषध आहे’ असा सल्ला फार लोकप्रिय झाला आहे. वरणभातावर चमचाभर तूप घ्यायला काहीच हरकत नाही. पण पाच ग्रॅमच्या त्या चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि तो २७ ग्रॅमच्या आतच मोजायचा असतो. मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणचे, पापड आणि फरसाण त्यातच येतात.

पाकिटावरची माहिती वाचताना समोरची बाजू झाकून ठेवावी आणि पाठ वाचावी. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे, त्यामुळे पहिली तीन नावे वाचली तरी पुष्कळ कळते. आमच्या फळीवर ‘नाचणी’ असे ठळक छापलेला एक बिस्किटांचा पुडा होता. पाठीमागे पहिला घटक मैदा, दुसरा साखर, तिसरा पामतेल आणि नाचणी सहाव्या क्रमांकावर. ‘एका सर्व्हिंगमध्ये इतकी साखर’ असे लिहिलेले असल्यास ते सर्व्हिंग किती बिस्किटांचे आहे, ते पाहावे. बहुधा दोनच बिस्किटांचे असते. संपूर्ण दिवसाची साखर २० ते २५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावी, या मर्यादेशी ती ताडावी. फळांच्या रसाच्या पाकिटावरचे ‘१०० टक्के फळांचा रस’ हे शब्द काढून टाकण्याचा आदेश अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला, त्यावरून समोरच्या बाजूवर किती विसंबावे, ते समजते.

उपवासाबद्दल एकच सांगतो. साबुदाणा जवळपास शुद्ध पिष्ट असतो, त्यामुळे उपवासाच्या खिचडीत जी काही प्रथिने असतात, ती शेंगदाण्याच्या कुटाची. एकादशीला खिचडी जरूर खावी, तिला डाएट मात्र म्हणू नये; सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर घ्यावी किंवा वरीच्या तांदळासोबत दाण्याची आमटी करावी.

सातवी पायरी : तीन महिने करून पाहावे आणि लिहून ठेवावे

इतक्या चाळण्यांतून जो सल्ला खाली उतरेल, तो एका वेळी एकच घ्यावा. सुरुवातीच्या दिवशी वजन, बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर आणि रक्तदाब लिहून ठेवावा. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २३ पासूनच जास्त मानला जातो आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. मधुमेहाची शंका असल्यास एचबीए१सी ही तपासणी करून घ्यावी. तिच्यात साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दिसते, कारण तांबड्या पेशीचे आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणूनच पंधराव्या दिवशी ती पुन्हा करून घेण्यात अर्थ नसतो. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी उठल्यावर करावे.

वहीत आकड्यांसोबत आणखी दोन गोष्टी लिहाव्यात : या आठवड्यात घरच्यांपेक्षा वेगळे जेवण किती वेळा करावे लागले आणि नियम किती वेळा मोडला. पहिला आकडा मोठा असेल, तर हा आहार वर्षभर टिकणार नाही, मग तो कितीही शास्त्रशुद्ध असो. दुसरा मोठा असेल, तर नियम सैल करावा. वहिनींनी लग्नानंतर दोनची वेळ सोडून सकाळी दहाला घट्ट आमटी, उसळ आणि एक भाकरी असे जेवण सुरू केले आहे आणि रात्रीचे जेवण साडेसातला सगळ्यांसोबत घेतात. तीन महिन्यांत त्यांचे वजन साडेचार किलोंनी आणि कमरेचा घेर पाच सेंटिमीटरने उतरला. काका अजून गहू खात नाहीत, पण परवा त्यांनी मला जिलबी कशाची असते, ते विचारले.